कबरीवरच्या शिल्पाला हात लावावा का?

पायपीट

पॅरिसला येऊन सहा वर्षं झाली. घरापासून पेर लाशेझ ही दफनभूमी चालत वीस मिनिटांवर आहे. पहिल्या वर्षी नवऱ्याला रविवारीही काम असायचं, तेव्हा एकटीच तिथे जायला लागले आणि ती सवय आजवर सुटलेली नाही.

ही जागा १८०४ साली सुरू झाली. ४४ हेक्टरची टेकडी आहे. सुरुवातीला शहरापासून लांब म्हणून इथे पुरायला कुणी तयार नव्हतं. मग १८१७ मध्ये नाटककार मोलियेर, कवी ला फोंतेन यांचे आणि आबेलार-एलोइज या जुन्या प्रेमिकांचे अवशेष इथे आणले आणि त्यांच्या शेजारी जागा मिळावी म्हणून लोक धावू लागले. म्हणजे ही दफनभूमी वाढलीच मुळी लोकांनी बघायला यावं म्हणून. हे आधी सांगते, कारण माझं पुढचं म्हणणं त्यावरच उभं आहे.

दोन कबरींबद्दल बोलायचंय.

पहिली आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डची. १९०० मध्ये तो पॅरिसमध्ये कफल्लक अवस्थेत गेला. आधी गावाबाहेर साध्या कबरीत पुरलं, १९०९ मध्ये इथे आणलं. जेकब एपस्टाइन या शिल्पकाराने सुमारे वीस टनांच्या एकाच शिळेतून पंख पसरून निघालेली एक आकृती कोरली. ब्रिटिश म्युझियममधल्या असिरियन पंखवाल्या बैलांवरून त्याला ती सुचली. आकृती नग्न आहे, म्हणून इथल्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला तिच्यावर ताडपत्री टाकली होती. १९६१ मध्ये कुणीतरी तिचा नको वाटलेला भाग फोडून नेला. आणि मग गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी लोक येऊन त्या दगडावर लिपस्टिकचे ओठ उमटवू लागले. हजारो ओठ. ज्या माणसाला पुरुषावरच्या प्रेमापायी दोन वर्षं सक्तमजुरी भोगावी लागली, त्याच्या कबरीला अनोळखी माणसं ओठ लावत होती. मला यापेक्षा योग्य श्रद्धांजली सुचत नाही. २०११ मध्ये आयर्लंड सरकारच्या पैशाने दगड साफ केला आणि भोवती काचेची भिंत घातली. आता लोक काचेवर ओठ टेकवतात.

दुसरी कबर व्हिक्तोर नुआरची. एकवीस वर्षांचा पत्रकार. १८७० च्या जानेवारीत सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या चुलतभावाने, पिएर बोनापार्तने, स्वतःच्या घरात त्याला गोळी घातली. अंत्ययात्रेला लाखाहून जास्त लोक होते. न्यायालयाने राजपुत्राला खुनातून सोडलं. पुढे प्रजासत्ताक आल्यावर १८९१ मध्ये त्याला इथे आणलं आणि ज्यूल दालू याने त्याचा ब्राँझचा पुतळा केला, गोळी लागून नुकताच पडलाय असा. कोट उघडा, छातीत गोळीचं भोक, हॅट बाजूला घरंगळलेली. दालूने पँटीचा उंचवटाही जसाच्या तसा ठेवला. त्यावरून अलीकडे समजूत पसरली, की तिथे हात फिरवला, ओठांना ओठ लावले, हॅटमध्ये फूल ठेवलं की मूल होतं, जोडीदार मिळतो. सगळा पुतळा हिरवट पडलाय, पण ओठ, बुटांची टोकं आणि तो उंचवटा सोन्यासारखा चकाकतो. २००४ मध्ये कुंपण घातलं होतं, लोकांनी ओरड केली, मग काढलं.

माझं मत असं: काच चुकीची होती, कुंपण काढलं ते बरोबर होतं. लक्ष वेधून घेणारी कबर ही बघणाऱ्याला ‘ये’ म्हणत असते. आलेल्याने हात लावला तर तो अपमान नाही. पंढरपूरला आपण विठोबाच्या पायांवर डोकं ठेवतो. त्या पायांची झीज झाली, वज्रलेप करावा लागला, पण म्हणून कुणी गाभाऱ्यात काच घातली नाही.

तुम्हाला काय वाटतं?

छिन्नी

ताई, लेख आवडला. पण काचेबद्दल पूर्ण असहमत. मी दगडाच्या डागडुजीचं काम करतो. मंदिरं, जुने वाडे, दोन-तीन चर्चसुद्धा. म्हणून हातातल्या अनुभवावरून लिहितो.

वाइल्डच्या कबरीचा दगड हा चुनखडी आहे, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. चुनखडीला बारीक छिद्रं असतात. लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग. रंग वर दिसतो, तेल आत जातं. ते काढायला जे काही लावाल ते दगडाचा थोडा पापुद्रा घेऊनच निघतं. मग वरचा भाग आणखी सच्छिद्र होतो, पुढचं तेल आणखी खोल जातं. असं दहा वेळा केलं की एपस्टाइनने मारलेल्या छिन्नीची खूण उरत नाही. एक एक माणूस प्रेमाने येतो हे खरं, पण दगडाला प्रेम आणि पावसातलं आम्ल यातला फरक कळत नाही.

आमच्याकडे देवळाच्या खांबावर तेल ओतणारी भाविक मंडळी असतात. खांबाचा कोरीव भाग काळा, चिकट, बुरशी धरलेला. मी तो सोड्याच्या लगद्याने साफ केला की दोन महिन्यांत पुन्हा तेच. सांगायला गेलो तर “तुम्ही देव मानत नाही का” असं विचारतात. मानतो. म्हणूनच सांगतो.

ब्राँझचं थोडं वेगळं. हिरवा थर निघतो, खालचा धातू उघडा पडतो, झिजतो पण सावकाश. तेव्हा नुआरच्या पुतळ्याबद्दल माझं मत तुमच्या मताच्या तितकं विरुद्ध नाही.

आणि पंढरपूरची तुलना इथे बसत नाही. तिथे रोज काळजी घेणारी माणसं आहेत, झीज झाली की बघणारे आहेत. मुख्य म्हणजे तो विठोबा भेटायलाच उभा आहे. वाइल्डची कबर भेटण्यासाठी कोरलेली नाही.

पायपीट

छिन्नी, दगडाचं तुम्ही सांगितलंत ते मला माहीत नव्हतं, खरंच धन्यवाद. पण शेवटचं वाक्य पटलं नाही. “कशासाठी कोरलेली आहे” हे ठरवायचं कुणी? ज्या अधिकाऱ्यांनी एपस्टाइनच्या शिल्पावर ताडपत्री टाकली त्यांनाही खात्री होती, की आपण कबरीचं पावित्र्य राखतोय. शंभर वर्षांनी काच घालणाऱ्यांनाही तीच खात्री. दोन्ही वेळा माणूस आणि दगड यांच्यामध्ये काहीतरी आणून उभं केलं.

बावखल

मी वसईची, कॅथलिक. आमच्या घरातली माणसं गावच्या चर्चच्या सिमेट्रीत आहेत. तेव्हा मी कबरीबद्दल ‘बघायला जाणारी’ म्हणून लिहीत नाहीये.

वाइल्डचं राहू दे. नुआरबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला त्रास झाला. एकवीस वर्षांचा मुलगा. लग्न ठरलेलं. मित्राच्या वतीने निरोप घेऊन एका राजपुत्राच्या घरी गेला आणि मेला. मारणारा सुटला. ज्या माणसासाठी लाख लोक रस्त्यावर आले, त्याच्या पुतळ्यावर आज लोक काय करतात? आणि आपण त्याला श्रद्धांजली म्हणायचं? छातीतलं गोळीचं भोक कितीजण बघतात? ते चकाकत नाही, कारण तिथे कुणी हात लावत नाही. दालूला तेच दाखवायचं होतं ना?

एक बाई झोपलेली असती आणि पुरुषांनी येऊन तिच्या पुतळ्याशी असं केलं असतं, तर आपण त्याला गमतीदार प्रथा म्हटलं असतं का? माझं उत्तर नाही असं आहे. मग पुरुषाच्या बाबतीत का चालतं?

मागे एकदा आमच्या सिमेट्रीत शहरातून फोटो काढायला एक गट आला होता. २ नोव्हेंबर होता, सगळ्या मृतांचा दिवस. आम्ही कबरी धुतो, शेवंती-झेंडू घालतो, संध्याकाळी मेणबत्त्या. बघायला सुंदर असतं हे मीही म्हणेन. पण माझी काकी कबरीवर हात ठेवून रडत होती आणि एकजण तिच्यापासून चार फुटांवर गुडघे टेकून कॅमेरा लावत होता. कबर सुंदर असली म्हणून ती सगळ्यांची होत नाही.

किल्लेदार

बावखलताईंशी सहमत, पण मी आणखी एक पाऊल पुढे जातो. या भपकेबाज कबरींचं एवढं कौतुक का करायचं? हा सगळा दिखावा आहे.

सुरतेला जाऊन या. इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत ऑक्झेंडन बंधूंची कबर आहे. धाकट्या ख्रिस्तोफरवर १६५९ मध्ये घुमट बांधला, १६६९ मध्ये सर जॉर्ज गेला तेव्हा त्यावर आणखी मोठा चढवला. दुमजली, खांबांचा, मोगल मकबऱ्यासारखा. हा जॉर्ज ऑक्झेंडन म्हणजे १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत मारली तेव्हा वखारीची दारं लावून आत बसलेला इंग्रजांचा प्रमुख. डचांना ते सहन होईना. त्यांचा अधिकारी व्हान रीड १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात वारला, त्याला सुरतेला आणून त्यांनी आपल्या दफनभूमीत त्याहून टोलेजंग अष्टकोनी इमारत उठवली. यात दुःख कुठे आहे? दोन कंपन्यांची चढाओढ आहे, वखारीत चालायची तीच मसणात.

गंमत अशी की व्हान रीडचं खरं मोठेपण म्हणजे मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ. तो त्याने स्थानिक वैद्यांच्या मदतीने करवून घेतला. ते काम त्या घुमटाशिवायही टिकलंय.

(वाघ्याच्या समाधीचा विषय कुणी इथे आणू नका. त्यावर हजार ठिकाणी भांडून झालंय.)

नोंदवही

किल्लेदार, सगळा दिखावा श्रीमंतांचाच असतो असं समजू नका. एक गोष्ट सांगते. थोडी लांबेल, पण या धाग्यावर ती नसली तर मला चैन पडणार नाही.

इटलीत जेनोव्हा शहरात स्टालियेनो म्हणून दफनभूमी आहे, १८५१ मध्ये सुरू झालेली. लांबच लांब कमानींचे व्हरांडे आणि त्यात जहाजांचे मालक, कारखानदार, वकील यांच्या संगमरवरी कबरी. शिल्पकार इतके हुशार की दगडातल्या शालीची लोकर वाटावी, रेशीम वाटावं. त्या रांगेत एक म्हातारी उभी आहे. कातेरिना काम्पोदोनिको. जत्रांमधून, देवस्थानांबाहेर बसून कडबोळ्यांसारखी गोल बिस्किटं आणि दोऱ्यात ओवलेल्या हेझलनटच्या माळा विकणारी बाई.

नवऱ्याशी पटलं नाही, वेगळी झाली. पैसा पैसा साठवला. मग आजारी पडली आणि तिच्या लक्षात आलं, की नातेवाईक तिच्या दुखण्याकडे बघत नाहीत, गाठोड्याकडे बघतायत. बरी झाल्यावर तिने काय करावं? शहरातल्या नावाजलेल्या शिल्पकाराकडे, लोरेंझो ओरेंगोकडे गेली आणि साठवलेले पैसे त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, माझा पुतळा कर. त्याने केला. सणाचे कपडे, झालरीची शाल, भरतकामाचा झगा, अंगावर दागिने, आणि हातात तिच्या त्या माळा आणि बिस्किटं. खाली जेनोव्हाच्या बोलीतल्या ओळी, त्या काळच्या एका लोककवीकडून लिहवून घेतलेल्या. त्यात ती म्हणते, की उन्हापावसात माळा विकून मी हे मिळवलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, माझ्यासाठी प्रार्थना करा. १८८१ मध्ये पुतळा उभा राहिला तेव्हा ती जिवंत होती. लोक तिचा पुतळा बघायला यायचे आणि तीही यायची. पुढच्या वर्षी गेली.

माझी आजी जत्रांत शेव-रेवडी विकायची. पालीचा खंडोबा, म्हसवड, औंध, जिथे यात्रा तिथे तिचं गाठोडं. बैलगाडीच्या खाली झोपायची. चार मुलं तिने त्यावर वाढवली, माझे वडील शिक्षक झाले ते त्या रेवडीवर. आज आमच्या घरात तिचा एकही फोटो नाही. तिचा चेहरा कसा होता हे मला माहीत नाही, वडिलांनाही आता नीट सांगता येत नाही. स्टालियेनोतल्या त्या बाईचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रडले, खरं सांगते. तिला दिखावा म्हणा हवं तर. तिने तो स्वतःच्या कमाईने केला आणि कोट्यधीशांच्या रांगेत केला.

किल्लेदार

नोंदवही ताई, हे माहीत नव्हतं. ‘सगळा’ हा शब्द मागे घेतो.

निर्माल्य

चर्चा चांगली चालली आहे, पण मला मूळ गोष्टच कळत नाही. दगड हवाच कशाला? आपल्याकडे माणूस जळतो, तिसऱ्या दिवशी राख सावडतात, वाहत्या पाण्यात सोडतात. विषय संपतो. मागे राहतो तो आपल्या वागण्यात. वडिलांनी जाण्याआधी बजावून ठेवलं होतं, की भिंतीवर हार घातलेला फोटो नको, शाळेला देणगी देऊन पाटी नको. आम्ही तसंच केलं. अस्थी शेतातल्या आंब्याच्या मुळाशी घातल्या. मला यात जास्त मोकळेपणा वाटतो. ज्याला भेटायचं त्याला आठवण पुरते, चुनखडी लागत नाही.

कृष्णाकाठ

निर्माल्य, “आपल्याकडे” हा शब्द जरा जपून वापरा. आपल्याकडेही दगड आहेत, भरपूर आहेत, आणि ते चांगले डोळ्यांत भरणारे आहेत. घाटावरच्या कुठल्याही जुन्या गावात शिरा, मारुतीच्या पारावर नाहीतर वेशीत वीरगळ दिसेल. खाली लढाई, मधे अप्सरा त्याला उचलून नेतायत, वर तो शिवलिंगापुढे बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीच्या एकसरमधल्या वीरगळांवर तर जहाजं कोरलीयत, वल्ह्यांच्या रांगांसकट समुद्रावरची लढाई. सतीशिळेवरचा तो बांगड्यांनी भरलेला, कोपरात वाकलेला हात पाहिलाय? एकदा पाहिला की डोळ्यांपुढून जात नाही. लिंगायत, गोसावी, नाथपंथी आजही पुरतात आणि समाधी बांधतात. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या दफनभूमीत मराठीतून कोरलेले दगड आहेत.

आमच्या संगम माहुलीला राजघराण्यातल्या समाध्या आहेतच, पण साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा खंड्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात. मी लहानपणी नदीवर पोहायला गेलो की तिच्यावर हात फिरवूनच घरी यायचो. कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा पायपीट ताईंचा हात लावण्याचा मुद्दा मला आतून कळतो.

आणि युरोपातच आहात तर फ्लॉरेन्सला जाऊन या, ताई. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परत येताना तिथे वारले. वय वीस. तारीख ३० नोव्हेंबर. वाइल्डही तीस वर्षांनी त्याच तारखेला गेला, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तेव्हाच्या इटलीत प्रेत उघड्यावर जाळायची कल्पनाही लोकांना सहन होणारी नव्हती, पण खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली. संगम हवा होता, तो सापडला. १८७४ मध्ये तिथे छत्री उभारली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा केला. कास्चिने बागेच्या त्या टोकाला लोक ‘इंदियानो’ म्हणतात, जवळच्या पुलाचं नावही त्यावरूनच. कोल्हापुरात किती लोकांना हे ठाऊक असेल? पण त्या छत्रीमुळे फ्लॉरेन्समधलं सायकल चालवणारं पोरही विचारतं, हा फेटेवाला कोण?

तुम्ही म्हणता वाहत्या पाण्यात सोडलं की विषय संपतो. महाराजांचीही राख नदीत गेली. तरी छत्री बांधावी वाटली. आणि तुमचा आंबा? तुम्ही अस्थी त्याच्या मुळाशी घातल्यात, म्हणजे ती समाधीच झाली की.

निर्माल्य

आंबा वडिलांनीच लावला होता. पण मुद्दा मान्य करतो. दर वर्षी पहिला पिकलेला आंबा आम्ही तोडतो आणि तिथेच बुंध्याशी ठेवतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कलम

मी वकिली करते, म्हणून धाग्यात न आलेली बाजू आणते. कबर कुणाची, याचा निकाल पॅरिसमध्येच खरोखर लागलाय. पेर लाशेझमध्ये नाही, मोंपार्नासच्या दफनभूमीत.

१९१० मध्ये तातियाना राशेव्हस्काया ही वैद्यकीची रशियन विद्यार्थिनी पॅरिसमध्ये प्रेमभंगातून स्वतःचा जीव घेऊन गेली. तिच्या ओळखीच्या डॉक्टरमुळे ब्रान्कुशी या रुमानियन शिल्पकाराचं ‘चुंबन’ तिच्या घरच्यांनी कबरीसाठी घेतलं. एकाच ठोकळ्यातली दोन माणसं, मिठीत अशी घट्ट की मधे फटच नाही. तेव्हा ब्रान्कुशीला कुणी फारसं विचारत नव्हतं. पुढे तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शिल्पकारांपैकी एक ठरला आणि त्या ठोकळ्याची किंमत कोट्यवधी युरोंच्या घरात गेली. मग वारसांनी सांगितलं, की ते आमच्या मालकीचं आहे, आम्ही काढून नेणार. सरकारने २०१० मध्ये सगळ्या कबरीलाच संरक्षित स्मारक केलं. दावा वर्षानुवर्षं चालला आणि तोवर शिल्पावर लाकडी खोकं घातलं. म्हणजे ज्याच्यासाठी भांडण होतं ते कुणालाच दिसेना.

२०२१ च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला. शिल्प कबरीपासून वेगळं काढता येणारी वस्तू नाही, दोन्ही मिळून एकच स्थावर आहे. वारसांना हलवता येणार नाही.

मला तो निकाल पटतो, आणि तो तुम्हा दोघींनाही लागू पडतो असं वाटतं. बावखल म्हणतात कबर घरच्यांची. पण इथे घरच्यांच्या वारसांनाच ती विकायची होती, मेलेल्या मुलीची बाजू कोर्टाला घ्यावी लागली. पायपीट म्हणतात बघणाऱ्यांची. पण बघणाऱ्यांना ती मिळाली ती कायद्याने हलवू दिली नाही म्हणून, आणि तीच कायद्याची बाजू छिन्नींची काच मांडते. कबर त्या जागेची असते. जो तिथे आहे त्याच्याखेरीज सगळे येणारे-जाणारे.

छिन्नी

कलम, फार नेमकं लिहिलंत. फक्त खोक्याबद्दल एक सांगतो. उघड्यावरच्या दगडाला लाकडी खोक्यात कोंडलं की आत ओल साचते. चांगल्या हेतूने घातलेलं झाकणही नुकसान करतं. वाइल्डभोवतीची काच वरून उघडी आहे, वारा खेळतो, म्हणून मला ती चालते. ताडपत्री, खोकं आणि काच यांना एका मापाने मोजू नका, एवढीच विनंती.

पायपीट

काल मुद्दाम पुन्हा गेले. पाऊस होता, माणसं कमी.

वाइल्डपाशी बराच वेळ उभी राहिले. काचेपलीकडे दगड स्वच्छ आहे, पंखांची एकेक रेघ दिसते. छिन्नींनी लिहिलेलं डोक्यात होतं म्हणून असेल, पहिल्यांदाच छिन्नीच्या खुणा शोधल्या आणि त्या सापडल्या. तरीही काच मला खुपतेच. शिल्पाला वाचवायचं तर वाचवा, पण माणसांना टेकायला शेजारी काहीतरी ठेवा. एखादा साधा दगड, ज्याची झीज झाली तर बदलता येईल. खरी मूर्ती गाभाऱ्यात आणि चरणस्पर्शाला पादुका बाहेर, अशी सोय आपल्याकडे कितीतरी देवळांत असते. मी या मतावर ठाम आहे.

नुआरबद्दल मात्र बावखलताई, तुमचं म्हणणं रात्रभर डोक्यात राहिलं. मी त्याच्याकडे पन्नास वेळा तरी गेले असेन, पाहुण्यांना नेलं असेल, हसत हसत गोष्ट सांगितली असेल. छातीवरचं भोक माहीत होतं. माझ्या पहिल्या लेखात ते आलंही, पण एका ओळीत, आणि चकाकीला मी तीन ओळी दिल्या. काल त्या भोकावर बोट ठेवून पाहिलं. गार होतं, खरखरीत, हिरवट. तिथे खरंच कुणाचा हात लागलेला नाही.

तेव्हा दोघी जणी आल्या. एक बाहेरच उभी राहिली, दुसरीने हॅटमध्ये फूल ठेवलं आणि मग जे करतात ते केलं. हसत नव्हती ती. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मूल हवं असेल, काय असेल. मला तिला अडवावंसं वाटलं नाही. तुमच्या प्रश्नाला, बाईचा पुतळा असता तर काय, माझ्याकडे उत्तर नाही. प्रश्न बरोबर आहे.

नोंदवही

पादुकांची कल्पना फार आवडली. जेनोव्हातल्या म्हातारीसमोरही कुणी फुलं ठेवून जातं असं वाचलं आहे. तिला चालत असेल असं मला वाटतं. तिने बोलावूनच ठेवलंय.

किल्लेदार

पादुका दगडाच्या करा, ताई. संगमरवराच्या नको. त्यावरही लगेच चढाओढ सुरू होईल.

बावखल

पायपीट, तुम्ही भोकावर बोट ठेवलंत, मला पुरे आहे. त्या बाईला अडवलं नाहीत तेही बरं केलंत, मीही अडवलं नसतं. मूल नसणं काय असतं ते मला माहीत आहे.

कलम यांनी लिहिलं, की कबर त्या जागेची असते. आमच्याकडे जागाच कायमची नसते हो. सिमेट्री लहान, माणसं वाढलेली. काही वर्षं झाली की तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात, आधीच्या अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात किंवा एकत्र पुरतात. फ्रान्समध्येही दहा, तीस, पन्नास वर्षांच्या मुदतीने जागा मिळते असं ऐकलंय, पण ज्यांची मुदत संपली त्यांच्या कबरी बघायला कुणी जात नाही.

आईची कबर पुढच्या वर्षी उघडतील. संगमरवर घालायचा विषय निघाला होता तेव्हा मीच नको म्हटलं, काढावाच लागणार होता. मातीचा उंचवटा आहे, लाकडी क्रूस आहे, त्यावर तिचं नाव भावाने रंगवलंय. दर पावसाळ्यात रंग जातो आणि दर ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा रंगवतो. या खेपेला मी त्याला सांगितलंय, की नावाखाली केळीचं पान काढ. केळीच्या वाडीत तिचा जन्म गेला. त्याला चित्र काढता येत नाही, पण तो काढेल. २ नोव्हेंबरला संध्याकाळी या, कुणाला यायचं असेल तर. कॅमेरा आणलात तरी चालेल, फक्त आधी विचारा.